आत जाणाऱ्याचं कुलूप

मुलांसाठी लिहिलेली माझी एकच कादंबरी आहे. तिच्यात एक लहान मुलगी आहे आणि तिच्या तळहातात जादू आहे. हलणाऱ्या कुठल्याही वस्तूला तिनं हात लावला की ती वस्तू जागच्या जागी थांबते. शाळांमध्ये मला बोलावतात तेव्हा मुलं हमखास विचारतात, ही तुम्हाला सुचली कशी? मी आजवर काहीतरी गुळमुळीत उत्तर देत आले. खरं उत्तर लांबलचक आहे आणि तास संपेपर्यंत ते पुरं होत नाही. म्हणून एकदा बसून लिहून काढते. कव्हरवर नाव माझं एकटीचं असलं तरी ही मुलगी मला एकटीला सुचलेली नाही. पिंपरी ते चाकण जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, झोपेला आलेल्या माणसांनी मिळून ती रचली. त्या माणसांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही, आणि फेडायचा प्रयत्न केला तर ती मला वेड्यात काढतील.

तेव्हा मी चाकणला एका कंपनीत लाइनवर होते. मोटारीच्या आत वायरींचं जे जाळं असतं, त्याचे जुडगे बांधायचं आमचं काम. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. नवरा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये, आणि त्याची शिफ्ट आम्ही मुद्दाम माझ्या उलट मागून घेतलेली, म्हणजे घरात लेकीजवळ कुणीतरी एक राहील. मधल्या वेळेत शेजारच्या काकू बघायच्या. नवऱ्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही तिघं एकत्र जेवायला बसलो असं फक्त सणासुदीला व्हायचं. तक्रार म्हणून नाही सांगत. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांची हीच तऱ्हा होती.

लेक चौथीत होती. जिन्यावरून उड्या मारत उतरताना पडली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली, आणि काही महिन्यांनी कळलं की हाड नीट जुळलेलंच नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उघडावं लागेल, कमरेचं थोडं हाड काढून तिथं भरावं लागेल. नाही केलं तर ही मुलगी जन्मभर लंगडत चालेल.

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काय झालं होतं ते आधी सांगते. ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्याजवळ ओळखीचं कुणी नव्हतं. आईला आत सोडायची तिथं पद्धत नव्हती. ती आतून हाका मारत होती, मी दाराबाहेर उभी होते, आणि मध्ये एक दार. त्या दिवसानंतर तिनं एकच वाक्य धरलं, ‘मी परत आत जाणार नाही.’ रडून नव्हे, शांतपणे सांगायची.

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, ‘उचलून आत नेता येईल हो. पण नंतर महिनोन्महिने व्यायाम तिलाच करायचाय. मनातून खचलेलं मूल तो करत नाही. अजून दीडेक महिना आहे, तिची तयारी करा.’ तयारी करा म्हणे. मी शिफ्ट करून आलेली बाई, माझी स्वतःची तयारी कोण करणार होतं?

शेजारच्या काकूंनी आपल्या नातवाचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. त्यात एक जादूगार मुलगा होता. तुटलेलं, फुटलेलं, मोडलेलं सगळं तो चुटकीसरशी जोडायचा. लेकीनं निम्मं वाचलं आणि पुस्तक गादीखाली सारून दिलं. म्हणाली, ‘याला कुठं काही दुखतच नाही. मला असं पुस्तक आण, ज्यात जादू पण असेल आणि दुखत पण असेल.’

मी चिंचवडला दोन दुकानांत जाऊन आले. एका दुकानदारानं मला तीनदा परीकथा दाखवल्या आणि शेवटी विचारलं, ‘बाई, लहान मुलांना दुखणारं कशाला देता?’ मला इतका राग आला की मी त्याच्याकडून काहीच न घेता निघाले. राग त्याचा नव्हताच खरं तर.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये हे सगळं मी शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगितलं. ती लातूरकडची, माझ्याच लाइनवरची, वयानं माझ्याहून मोठी. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कंपनीची बस ही बोलायची जागा नाही, झोपायची जागा आहे. पहाटे अंधारात चढलेली माणसं नाशिक फाटा येईपर्यंत माना टाकतात. ती झोप त्यांच्या हक्काची असते, तिच्यावर पुढची शिफ्ट निघते. मी कुजबुजतच बोलत होते. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, ‘अगं, मिळंना तर मिळंना. रडत कशाला बसलालीस? आपण सांगू की लेकराला. त्याला काय लागतंय?’

‘मला कुठं येतं गोष्ट रचायला?’

‘तुला एकटीला कोण सांगायलंय? इतकी माणसं हायत की बसमधी.’

आणि तिनं पुढच्या सीटवर डोकं टेकून झोपलेल्या माणसाला सरळ हलवून उठवलं.

तो मेंटेनन्सचा माणूस. चाकणच्या अलीकडच्या एका गावातला, पण सासुरवाडीच्या लग्नकार्यामुळं की काय, त्या दिवसांत पिंपरीहून चढायचा. मशीन बंद पडलं की त्याला बोलवायचं, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत. पन्नाशीचा, तिरसट. झोपमोड झाली म्हणून आधी चिडला. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘पोरगीला जादू द्या, पर फुकाट देऊ नका. जादूलाबी सेफ्टी पायजे.’

हेच त्या कादंबरीचं पहिलं वाक्य म्हणायचं. मोशी येईपर्यंत ठरलं की मुलीनं हात लावला की हलती वस्तू थांबेल, पण वस्तू थांबलेली असेपर्यंत मुलीलाही जागचं हलता येणार नाही. हात काढला की दोघं मोकळी. आणि जितकी मोठी वस्तू थांबवेल तितका तिचा पाय दुखेल. पाय दुखण्याचं कलम लातूरच्या ताईंनी घातलं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

संध्याकाळी मी लेकीला तेवढंच सांगितलं. तिनं विचारलं, ‘पंखा थांबवला तर किती दुखेल?’ मी म्हटलं, उद्या विचारून सांगते. ‘कुणाला विचारून?’ ‘बसमध्ये.’ बऱ्याच दिवसांनी ती पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसली.

त्यानंतर बस बिघडली ती बिघडलीच. रोज कुणीतरी झोप सोडून गोष्टीत नाक खुपसायचं. ड्रायव्हर चाचा पिंपरीतले जुने, गाडी चालवताना एक शब्द बोलायचे नाहीत, पण चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की आरशात बघून म्हणायचे, ‘ताई, आजचा किस्सा किधर तक आला?’ चौक जितका तुंबलेला, तितका भाग लांब. मुलीचं घर पवनेच्या काठी असावं हे त्यांनी ठरवलं. खलनायक सगळ्यांनी मिळून ठरवला. देहूरोडच्या पलीकडच्या डोंगरात एक चेटक्या राहतो आणि त्याचं एक अवाढव्य यंत्र आहे. ते यंत्र माणसांची झोप ओढून घेतं आणि त्या झोपेवर चालतं. आमच्या बसमध्ये दुसरा कुठला खलनायक सुचणार होता? मागच्या सीटवरची एक नवी पोरगी म्हणाली, ‘त्या चेटक्याला ओव्हरटाइम पण मिळत असेल,’ आणि सगळी बस हसली.

दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मी घरी पोचायचे तेव्हा लेक झोपलेली असायची. मग आम्ही दुपारच्या बसमध्येच आवाज रेकॉर्ड करून नवऱ्याच्या फोनवर पाठवायला लागलो, कारण कंपनीत गेलं की फोन लॉकरमध्ये. तेव्हापासून लेकीला ही माणसं आवाजावरून ओळखू यायला लागली. लातूरच्या ताईंच्या भागात मुलगी रागीट असायची आणि चेटक्याला ‘मुडद्या’ म्हणायची. चाचांच्या भागात तिला फार भूक लागायची. मेंटेनन्सचे काका मात्र गोष्ट कमी आणि नियम जास्त सांगायचे. लेकीला तेच सगळ्यांत आवडायचे.

ऑपरेशनला आठवडा राहिला असेल. गोष्टीत मुलगी यंत्राच्या दारापर्यंत पोचली होती. यंत्र कायमचं बंद करायचं तर तिला त्याच्या पोटात शिरणं भाग होतं. त्या दिवशी भाग रेकॉर्ड करायची पाळी माझी होती. मी सांगितलं की मुलीनं यंत्राचा खटका बंद करून त्याला कुलूप लावलं, चावी बाहेर उभ्या असलेल्या आईच्या हातात दिली आणि ती आत शिरली. मला वाटलं, छान जमलं. बस कंपनीच्या गेटात शिरत होती, मी बटण दाबून टाकलं.

काका सीटवरून उठून माझ्यापाशी आले. त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मला वाटलं, बसला काहीतरी झालं.

‘ते पाठवू नका. चुकलंय.’

‘पाठवलं भाऊ. काय चुकलं?’

‘चावी दुसऱ्याच्या हातात?’ ते म्हणाले. ‘आत जाणाऱ्याचं कुलूप, आत जाणाऱ्याची चावी. साहेब येऊ द्या न्हाईतर मालक येऊ द्या, दुसऱ्यानं ते काढायचं न्हाई. दुसऱ्याच्या भरवशावर मशीनमदी जायाचं न्हाई कुणी.’

आमच्या कंपनीत हा नियम खरंच आहे. मशीन दुरुस्तीला आत हात घालायचा असेल तर मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचं, आणि चावी स्वतःच्या खिशात. तिघं आत जाणार असतील तर तिघांची तीन कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन सुरू होऊच शकत नाही. प्रत्येक मेंटेनन्सवाल्याचं कुलूप त्याच्या फोटोसकट त्याच्या कमरेला असतं. मी ते रोज बघायचे, पण ते कशासाठी आहे याचा विचार कधी केला नव्हता.

गेटात उभ्या बसमध्ये त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि दुरुस्ती पाठवली. ‘पोरी, मघाशी तुझ्या आईनं सांगितलं ते ध्यानात धरू नको. चावी पोरगीच्याच मुठीत हाय. ती भाईर आल्याबिगर यंत्र हलायचं न्हाई.’

आणि लेकीला हे पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी तिनं बापाला सांगितलं, ‘मला एक लाल कुलूप आणून द्या. मग मी जाईन आत.’ नवऱ्यानं हार्डवेअरच्या दुकानातून छोटं कुलूप आणलं आणि वर्कशॉपमध्ये त्याला लाल रंग मारला. ती ते उशाशी घेऊन झोपायची. महिनाभर अडून बसलेली माझी मुलगी आपण होऊन ‘जाईन’ म्हणाली होती. त्या रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशेजारी लोखंडी जाळी होती, नातेवाईकांच्या बाकाला लागून. लेकीनं ट्रॉलीवरून हात लांब करून आपलं कुलूप त्या जाळीला अडकवलं, दाबून बंद केलं, ओढून पाहिलं आणि चावी मुठीत घेतली. वॉर्डबॉय कौतुकानं बघत थांबला होता. तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर बाई बाहेर आल्या, त्यांनी तिची मूठ उघडून पाहिली आणि म्हणाल्या, ‘बेटा, धातूची वस्तू आत चालत नाही. आईकडे दे.’

‘नाही,’ लेक म्हणाली. ‘चावी माझ्याकडेच पाहिजे. नियम आहे.’

‘अगं, आतला पण नियम आहे,’ बाई म्हणाल्या. त्यांनी खरंच प्रेमानं समजावलं. आत वापरायच्या उपकरणानं धातूपाशी चटका बसू शकतो हेही सांगितलं. लेक मूठ घट्ट करून पडून राहिली. ‘मग मी जात नाही.’

मला त्या क्षणी त्या मेंटेनन्सवाल्याचा असा संताप आला की सांगता सोय नाही. काय गरज होती? आईच्या हातात चावी दिली होती मी, चांगली दिली होती, याला सगळीकडं मशीनच दिसतं. आता त्याला फोन करावा तर त्याचा फोन लॉकरमध्ये. नवरा तिच्या केसांवरून हात फिरवत उभा होता. वॉर्डबॉय घड्याळाकडे बघायला लागला.

मी ट्रॉलीपाशी वाकले. खोटं काही बोलावं असं मनात आलं होतं, म्हणजे काकांनी परवानगी दिलीय वगैरे. पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ते जिभेवर आलंच नाही.

‘नियम मोडतोय आपण,’ मी म्हटलं. ‘मला माहीत आहे. पण मी या दारातून हलणार नाही.’

‘औषध आणायला पाठवलं तर?’

‘बाबा जातील.’

‘बाबांना पण पाठवलं आणि तुला पण पाठवलं तर?’

‘तर मी नाही म्हणेन. मला किती चांगलं भांडता येतं ते तुला माहीत आहे.’

ते तिला माहीत होतं. तिनं माझा हात ओढून घेतला, चावी तळहातावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून स्वतः मिटवली. ‘सोडू नकोस,’ म्हणाली. ट्रॉली आत गेली.

मी त्या दारात उभी राहिले. बाक होता, पण बसले नाही. ऑपरेशन सांगितलं होतं त्यापेक्षा लांबलं. नवरा दोनदा औषधं घेऊन आला, चहा घेऊन आला, तो त्यालाच प्यायला लावला. चावी घामानं ओली झाली होती. काकांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, दुसऱ्याच्या भरवशावर आत जायाचं न्हाई. माझी मुलगी माझ्या भरवशावर आत गेली होती, आणि आत काय चाललंय यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही.

पहिली शिफ्ट सुटून बस पिंपरीत येते त्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. कंपनीच्या गणवेशातच सगळी वर आली होती. लातूरच्या ताई, मागच्या सीटवरची नवी पोरगी, आणखी चार-पाच जणी. चाचा बस रस्त्याच्या कडेला लावून आले होते आणि कुणी हॉर्न वाजवतंय का म्हणून कान खालीच होते त्यांचे. सगळ्यांच्या मागून काका. ताईंनी रुमालानं माझं तोंड पुसलं.

काकांनी जाळीवरचं कुलूप पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या मुठीवर आली. चावीचं टोक बाहेर दिसत होतं.

‘आत नेऊ देईनात, भाऊ,’ मी म्हटलं. मघाचा संताप कुठं गेला होता कोण जाणे. एखाद्या शाळकरी मुलीसारखं माझं तोंड झालं असणार. ‘तिनं माझ्याकडे दिली.’

काकांनी कमरेला हात घालून आपलं लाल कुलूप काढलं. कंपनीचं, फोटो लावलेलं, गेटाबाहेर आणायची मुभा नसलेलं. ते लेकीच्या कुलपाच्या शेजारी जाळीला अडकवलं, खटका दाबला, ओढून पाहिलं, आणि चावी स्वतःच्या वरच्या खिशात टाकून बटण लावलं. मग बाकावर बसून राहिले. तिथं असलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. कुलूप आत जाणाराच लावतो.

चाचांना थोड्या वेळानं निघावं लागलं, बसमध्ये बाकीची माणसं खोळंबली होती. तरी दोन-तीन जणी आणि काका थांबले.

दार उघडलं तेव्हा उजेड उतरला होता. भुलेच्या डॉक्टर बाई ट्रॉलीबरोबर चालत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘छान झालं सगळं. डोळे उघडल्यापासून एकच विचारतेय, कुलूप आहे का.’ मी चावी तिच्या हातात दिली. बोटांत जोर नव्हता, मी तिचं मनगट धरलं, पण फिरवली तिनंच. स्वतःचं कुलूप निघालं तरी जाळीवर आणखी एक लाल कुलूप होतंच. ते तिनं बराच वेळ पाहिलं. त्यावरचा फोटो पाहिला. मग मान वळवून बाकाकडे पाहिलं. आवाज तिला पाठ होता, चेहरा ती पहिल्यांदाच बघत होती.

‘काका,’ ती जड जिभेनं म्हणाली, ‘तुम्ही पण आत होता?’

‘व्हय,’ काका म्हणाले.

मग त्यांनी उठून आपलं कुलूप काढलं, कमरेला लावलं आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली शिफ्ट होती.